‘सोबतचा मित्र सुखरूप’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर डर्ट बाईकच्या अपघाताची एक छोटी बातमी आली होती. कच्च्या वाटेवर गाडीवरून फेकला जाऊन एका तरुणाचा मृत्यू झाला, हे चार ओळींत सांगून झाल्यावर शेवटी वाक्य होते, ‘सोबतचा मित्र सुखरूप आहे.’ ते वाचून मी अंक मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण ११ महिन्यांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत आणखी एक बातमी छापून आली होती. तिच्यातला गेलेला माणूस माझा जिवाभावाचा मित्र होता आणि सुखरूप राहिलेला मी होतो. बातमी देणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती. मला खरचटलेही नव्हते, त्यामुळे पोलिसांच्या नोंदीत, रुग्णालयाच्या कागदांत आणि वर्तमानपत्रात माझ्याविषयी लिहिण्यासारखे दुसरे काही नव्हतेच. पण अशा बातमीतल्या त्या सुखरूप माणसाचे पुढे काय होते हे मला आता ठाऊक झाले आहे, आणि गेल्या आठवड्यातला तो अनोळखी मित्र आज काय सोसत असेल हे डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी गाडीविषयी सांगतो, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. डर्ट बाईक म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे भर रस्त्यात एका चाकावर गाडी पळवणारा पोरगा उभा राहतो, आणि बातमीतही ‘स्टंट’, ‘भरधाव’ हे शब्द सवयीने येऊन बसतात. वास्तविक ही गाडी रस्त्यासाठी बनवलेलीच नसते. निव्वळ मातीसाठी बनवलेल्या गाडीला पुढचा दिवा नसतो, आरसे नसतात, वळणाचे दिवे नसतात. वजन शंभर-एकशेदहा किलोच्या आसपास, टायर खोल खाचांचे, सीट उंच, आणि खड्ड्यात आपटले तरी जवळजवळ फूटभर दबून पुन्हा वर येणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर. ती बसून कमी आणि फूटरेस्टवर उभे राहून जास्त चालवतात, कारण उभ्या माणसाचे गुडघे आणि कोपर खडकाळ वाटेचे धक्के स्वतःत जिरवतात. हा खेळ आता शंभरी ओलांडलेला आहे. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीजवळ झालेल्या शर्यतीपासून त्याचा इतिहास सांगितला जातो.

माझा मित्र मात्र शर्यतीत कधी उतरला नाही. वयाच्या ४१व्या वर्षी तो गेला, आणि त्यातली १९ वर्षे आम्ही दोघे सुट्टीच्या दिवशी सकाळी मातीच्या वाटांवर गाड्या चालवत होतो. निघण्यापूर्वी तो दोन्ही चाकांचा एकेक स्पोक पान्याने हलकेच ठोकून त्याचा आवाज ऐकायचा, कारण ढिला पडलेला स्पोक बोदा वाजतो. चेनचा ताण, ब्रेकची पकड, टायरमधली हवा, हे सगळे तो न बोलता आणि न कंटाळता पाहायचा, आणि मी मात्र दर वेळी उतावळा होऊन त्याला घाई करायचो. अरुंद वाटेवर आमचा वेग बहुतेक वेळा ताशी ३० किलोमीटरच्या आतबाहेर असे. एवढे सविस्तर सांगायचे कारण असे की बातमीत त्याला ‘स्टंटबाज’ म्हटले गेले नव्हते, तरी ती वाचून आमच्या ओळखीच्या कितीतरी माणसांनी ते स्वतःच ठरवून टाकले.

दोघांनी मिळून अशा वाटेने जाताना दोन नियम असतात. ते कोणी लिहून दिलेले नसतात, पण पाळतात सगळेच. पहिला नियम, पुढच्याने उडवलेल्या धुळीत शिरायचे नाही. धुळीत वाट दिसत नाही, म्हणून मागच्याने अंतर राखायचे. दुसरा नियम, प्रत्येक फाट्यावर थांबायचे आणि मागचा नजरेत आल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. त्या दिवशी मी पुढे होतो.

फाट्यावर येऊन मी इंजिन बंद केले. एरवी अशा वेळी मागून त्याच्या गाडीचा आवाज आधी येई आणि मग तो दिसे. त्या दिवशी आवाज आला नाही. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेलही जळते, त्यामुळे इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग अधूनमधून तेलाने काळा पडतो आणि मग कितीही किक मारल्या तरी ती लवकर सुरू होत नाही. तसेच काहीतरी झाले असेल, असे मला वाटले. मी हेल्मेट काढले, पाणी प्यालो, समोरच्या झाडाकडे पाहत उभा राहिलो. पाच मिनिटे गेली असतील, कदाचित सहा. ती मिनिटे मी गेल्या ११ महिन्यांत इतक्या वेळा मोजली आहेत की आता खरी किती होती ते मला सांगता येणार नाही. मग मी गाडी वळवली.

वाटेच्या कडेला पावसाच्या पाण्याने एक खोल ओघळ कापली होती आणि वाळलेल्या गवताने ती झाकून गेली होती. माझी गाडी तिच्या वीतभर अंतरावरून गेली होती आणि मला ती दिसलीसुद्धा नव्हती. त्याचे पुढचे चाक तिच्यात अडकले. हेल्मेट, गॉगल, छातीचे कवच, गुडघ्यांचे पॅड, उंच बूट, सगळे त्याच्या अंगावर होते, आणि तरीही हँडलचे टोक नेमके कवचाच्या खाली, पोटावर बसले. बाहेर रक्ताचा थेंब नव्हता. तो शुद्धीवर नव्हता, पण श्वास चालू होता. श्वास नीट चालू असेतो जखमीचे हेल्मेट उपटून काढू नये, मानेच्या मणक्याला धोका असतो, हे आम्ही दोघांनी एकाच वर्गात बसून शिकलो होतो. ते मी पाळले. मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून त्याला एकट्याला तिथे ठेवून मला रेंज मिळेपर्यंत माघारी जावे लागले. रुग्णालयात पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. प्लीहा आणि यकृत दोन्ही फाटून पोटात रक्तस्राव झाला होता, असे नंतर शल्यविशारदांनी सांगितले, आणि मी न विचारताच तेही सांगितले की माझ्या त्या पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. मी मान डोलावली. पण माझा त्यावर विश्वास बसला नाही.

त्याच रात्री रुग्णालयातल्या एका कागदावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना माझ्यासमोर आला. मी ‘मित्र’ लिहिले. खिडकीतल्या बाईंनी तो शब्द वाचला, कागद परत दिला आणि अगदी सौजन्याने सांगितले की सहीसाठी घरचे कोणीतरी लागेल. नियम योग्यच आहे, त्यांच्याविषयी माझ्या मनात काहीही नाही. पण पुढचे सगळे महिने मला तोच कागद पुन्हा पुन्हा परत मिळत राहिला. कामाच्या ठिकाणी दुःखाची रजा असते, ती आईवडील, भाऊबहीण, पती-पत्नी, मुले यांच्यासाठी, मित्रासाठी नसते. मी तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. भेटणारा प्रत्येक जण हळहळून विचारायचा, ‘त्याची आई कशी आहे? बायको-मुलीला कोण पाहते?’ आणि मी त्यांना सगळी खबर द्यायचो, जणू मी त्या घराचा निरोप्या होतो. असे विचारणे योग्यच होते, त्यांचे दुःख माझ्यापेक्षा मोठे आहे याविषयी माझ्या मनात कधी शंका आली नाही. फक्त त्या अकरा महिन्यांत ‘आणि तू कसा आहेस?’ असे विचारणारी माणसे मला एका हाताच्या बोटांवर मोजता आली.

या अवस्थेला अभ्यासकांनी नाव दिलेले आहे, हे मला बरेच उशिरा, समुपदेशकांकडे जाऊ लागल्यावर कळले. अमेरिकेतील केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाची मांडणी केली, ज्याला समाज मान्यताच देत नाही: ज्याचे नाते कोणत्या रकान्यात बसत नाही, ज्याच्या दुःखाला रजा नाही, ज्याच्या सांत्वनाला कोणी जात नाही. आपण त्याला हक्क नाकारलेला शोक म्हणू. मित्राचे दुःख हे त्याचे अगदी साधे, रोजच्या जगण्यातले उदाहरण आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सव्वीस हजारांहून अधिक लोकांच्या अनेक वर्षांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळचा मित्र गेल्यानंतर माणसाच्या शरीरावर, मनावर आणि लोकांत मिसळण्यावर होणारा परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत राहतो, असे त्यात आढळले. चार वर्षे हा आकडा वाचून मला धक्का बसण्याऐवजी हायसे वाटले. तोपर्यंत मला वाटत होते की मी प्रमाणाबाहेर रडतो आहे, आणि बहुधा माझ्याच स्वभावात काही उणे आहे.

लोक काही बोलतच नाहीत असेही नाही. डर्ट बाईकवर गेलेल्या माणसाविषयी लोक दोनच वाक्ये बोलतात, आणि ती इतकी ठरलेली आहेत की समोरच्याने श्वास घेतला की दोघांपैकी कोणते येणार हे मला कळू लागले होते. पहिले वाक्य, ‘आवडीचे काम करता करता गेला.’ म्हणणारा माणूस प्रेमाने म्हणतो, हे मला समजते. पण मी त्याच्या शेजारी त्या मातीत गुडघे टेकून बसलो होतो. तिथे आवडीचे काहीही नव्हते. त्याला त्या दिवशी दुपारी मुलीला पोहायला न्यायचे होते. त्यासाठीच आम्ही लवकर निघालो होतो, आणि त्याने दोनदा घड्याळ पाहिले होते. त्याला गाडी आवडायची, मरायला आवडले नसते. ते वाक्य ऐकले की माझ्याकडून निमूट मान हलवण्याची अपेक्षा असते, आणि एकदा मान हलवली की पुढे बोलायला काही उरत नाही.

दुसरे वाक्य, ‘असले जिवावरचे उद्योग हवेत कशाला?’ ते बहुधा कुजबुजत, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हटले जाते. या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही, हे मी मान्य करतो. धोका होता. तो आम्हाला माहीत होता, आणि माहीत असूनही आम्ही जात होतो, कारण त्या वाटांवर सकाळी साडेसहाला जे मिळायचे ते आम्हाला दुसरीकडे कुठे मिळाले नाही. पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की ज्याने स्वतःहून धोका पत्करला त्याच्यासाठी जरा कमी रडले तरी चालते. मृत्यूला असे उणे गुण देता येत नाहीत. आणि जो सोबत होता, ज्याने ‘चल, उद्या जाऊ’ म्हणून आदल्या रात्री फोन केला होता, त्याच्या छातीवर तो प्रश्न सर्वांत जड बसतो. फोन मी केला होता.

अपराधीपणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गेल्या आठवड्यातल्या त्या मित्रापर्यंत हे पत्र पोहोचले तर त्याला बहुधा याचाच उपयोग होईल. माझे मन दिवसरात्र ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यात फिरत होते. जर फोन केला नसता. जर त्याला पुढे जाऊ दिले असते. जर फाट्यावर पाण्याची बाटली उघडली नसती. लांबून कुठूनतरी टू-स्ट्रोक गाडीचा फाटका आवाज आला की माझ्या अंगाला घाम सुटायचा, आणि जळक्या तेलाच्या वासाने पोटात ढवळायचे. मी कोणाला काही सांगत नव्हतो, कारण सांगितले असते तर ऐकणाऱ्याने ‘तुझी काही चूक नाही रे’ म्हटले असते, आणि त्या वाक्याचा मला राग येऊ लागला होता. समुपदेशकांनी ते वाक्य उच्चारले नाही, म्हणून मी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा गेलो. त्यांनी मला कागदावर त्या सकाळची मिनिटे ओळीने लिहायला लावली, आणि प्रत्येक मिनिटासमोर, त्या मिनिटाला मला काय माहीत होते, तेवढेच. फाट्यावरच्या मिनिटांसमोर मी लिहिले, ‘प्लग गेला असेल.’ त्या क्षणी मला तेवढेच माहीत होते. हा कागद माझ्या खिशात अजून असतो. त्याने अपराधीपणा गेला नाही, पण कुठे ठेवायचा ते कळले.

त्यांच्याकडूनच आणखी काही गोष्टी समजल्या. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार हे शोकाचे पाच टप्पे पुष्कळांना तोंडपाठ असतात. मीही स्वतःला त्यांत बसवून पाहत होतो आणि बसत नव्हतो. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी ते १९६९ मध्ये मांडले, ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना लोकांनी ते पुढे लावले. त्यापेक्षा १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी सांगितलेले मला अधिक जवळचे वाटले. त्यांच्या मते शोक करणारा माणूस झोक्यासारखा हेलकावत असतो: कधी गेलेल्याकडे, त्याच्या आठवणीत आणि वेदनेत, तर कधी उरलेल्या आयुष्याकडे, बिले भरण्यात, दुरुस्त्या करण्यात, एखाद्या विनोदावर हसण्यात, आणि दोन्हीकडे जाणे हाच शोकाचा निरोगी भाग आहे. पाचव्या आठवड्यात मी एकदा खळखळून हसलो होतो आणि त्यानंतर दोन दिवस स्वतःचे तोंड पाहवत नव्हते. तेव्हा हे कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

शोक आयुष्यात रुतून बसला, तर त्यासाठी वैद्यकीय मदत असते, हेही लोकांना माहीत असायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकविकाराची वेगळी नोंद आहे. त्यात किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे, तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी प्रौढांसाठी बारा महिन्यांची मुदत धरली. समुपदेशकांचे म्हणणे असे की कॅलेंडरपेक्षा माणसाचे जगणे हलते आहे की नाही ते पाहावे. माझे हळूहळू हलते आहे, असे त्यांना वाटते.

गेलेल्या माणसासाठी काही करता येते का, या विचाराने मी बरेच वाचले, आणि त्यातली दोन माणसे मनात राहिली. १९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते, मोटारसायकलच्या अपघातानंतर सहा दिवसांनी वारले. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना ते फेकले गेले होते आणि डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. त्या मृत्यूने ते इतके अस्वस्थ झाले की पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश लष्करातल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट घालणे सक्तीचे झाले. दुसरे दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर ख्रिस लीट. तेही मातीच्या वाटांवर गाडी चालवणारे होते. २००१ मध्ये आपल्यासोबतचा एक स्वार दगावलेला पाहून त्यांनी मान वाचवणाऱ्या पट्ट्याचे काम सुरू केले, आणि आज जगभरचे डर्ट बाईकस्वार गळ्याभोवती तसले पट्टे घालतात. त्यांच्याविषयी वाचताना मला पट्ट्यापेक्षा त्या स्वाराच्या मृत्यूच्या बातमीचे अधिक कुतूहल वाटले. सोबत असलेल्या डॉक्टरांना त्या दिवशी कोणी काय विचारले असेल?

मी डॉक्टर नाही, मला काही शोधता येणार नाही. आमच्या ओळखीच्या स्वारांशी बोलून मी एवढेच केले की फाट्यावरच्या थांबण्याला आता मुदत घातली. दोन मिनिटांत मागचा दिसला नाही तर काहीही गृहीत न धरता वळायचे, प्लगचा विचार मनात आला तरी वळायचे. रेंज नसलेल्या भागात उपग्रहावरून मदतीचा संदेश पाठवणारे छोटे यंत्र मिळते; ते आमच्यापैकी एकाजवळ तरी असल्याशिवाय आता कोणी निघत नाही. आणि पोटाकडच्या भागाचे संरक्षण करणारी कवचेही मिळतात, हे मला त्याच्या मृत्यूनंतर कळले. ते आधी कळायला हवे होते.

त्याची गाडी वहिनींकडेच आहे. सहाव्या महिन्यात त्यांनी मला विचारले, ‘भावजी, हिचे काय करायचे?’ मी उत्तर दिले नाही. गाडीवर त्या दिवसाची माती अजून तशीच होती, पुढचे चाक वाकलेले होते, आणि त्याला ते कधीच सहन झाले नसते. गेल्या महिन्यात मी आणि त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने मिळून ती धुतली. स्पोक कसे वाजवून पाहायचे ते मी तिला दाखवले. वाकलेल्या चाकाचे स्पोक वेडेवाकडे वाजत होते आणि मागच्याचे सगळे एका सुरात; ती दोन्ही चाकांशी बराच वेळ बसून होती. गाडी विकायची की ठेवायची हे अजून ठरलेले नाही, आणि ठरवायची घाई कोणाला नाही.

आता आपल्याकडे विनंती. अशा बातमीला चारच ओळी मिळतात, हे मला मान्य आहे. त्या चार ओळींत, खात्री नसेल तर, ‘स्टंट’ आणि ‘भरधाव’ हे शब्द कृपया नसावेत. हेल्मेट होते की नव्हते हे लिहिले जाते, तसे होते तेव्हाही लिहिले जावे. आणि ‘सोबतचा मित्र सुखरूप आहे’ याऐवजी ‘सोबतच्या मित्राला शारीरिक इजा झालेली नाही’ एवढे लिहिता आले तर पाहावे. दोन-तीन शब्द वाढतील. पण ते वाचणाऱ्याला कळेल की इजा शरीराखेरीज इतरत्रही होते, आणि कदाचित त्या मित्राच्या शेजारचा, कामावरचा कोणी त्याला थांबवून त्याची विचारपूस करील. वाचकांनाही मी हेच मागतो. विचारताना योग्य शब्द सापडले नाहीत तरी चालतात. माझ्या कामावरचा एक वयस्क सहकारी दर सोमवारी माझ्या टेबलाशी येऊन ‘त्याची एखादी गोष्ट सांग’ एवढेच म्हणायचा, आणि मी सांगायचो. त्या सोमवारांवर मी आठवडे काढले आहेत.

एक गोष्ट मात्र मी त्या सहकाऱ्यालाही सांगितली नव्हती. पहिल्या महिन्यात मित्राच्या आईने, ज्यांना मी काकू म्हणतो, मला विचारले होते, ‘शेवटचं काय बोलला रे तो?’ मी म्हणालो, ‘आठवत नाही, काकू.’ ते खोटे होते. शब्द न् शब्द आठवत होता. वाटेच्या तोंडाशी मी घाई करत होतो आणि तो गॉगल पुसत उभा होता. तो म्हणाला, ‘तू हो पुढे. धूळ खाली बसली की येतोच मी.’ ती धूळ मी उडवणार होतो, म्हणून मला ते शब्द त्याच्या आईसमोर उच्चारता येत नव्हते.

गेल्या आठवड्यातली बातमी वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो आणि सांगितले. आधी खोटे बोललो होतो, तेही सांगितले. त्यांनी मला ते वाक्य दोनदा पुन्हा म्हणायला लावले. हसत म्हणाला का, असे विचारले. मी म्हणालो, हो, हसत. मग त्या म्हणाल्या, ‘शाळेत असल्यापासून दारातून निघताना तेच म्हणायचा, येतोच मी.’ आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. निघताना त्यांनी विचारले की ती वाट कशी आहे, झाडे आहेत का, सकाळी तिथे ऊन कुठून येते. मला सगळे लगेच सांगता आले नाही. येत्या रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.

आपला,
एक वाचक